एकट्याच्या घराची कडी

एकटा राहणारा माणूस बाथरूमची कडी लावत नाही. कशाला लावेल? घरात दुसरं कोणी नाही, बाहेरचं दार बंद आहे, आणि कडी लावली काय, न लावली काय, आंघोळीत फरक पडत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की कडी गंजते, तिचा स्क्रू सैल होतो, आणि या दाराला कडी आहे हेच तो विसरून जातो. यात त्याचं काही चुकत नाही. त्याच्या घराच्या हिशेबानं तो शंभर टक्के बरोबर असतो. पंचाईत होते ती काका-काकू चार दिवस राहायला येतात तेव्हा.

संगणकांच्या जुन्या ड्रायव्हरांवर हाच प्रसंग ओढवला. फरक एवढाच, की इथले काका-काकू चार दिवसांनी परत गेले नाहीत. ते कायमचे राहिले, आणि वर्षागणिक त्यांची संख्या वाढतच गेली.

माझं पोट बऱ्याच अंशी या दारांना कड्या बसवण्यावर चालतं. एकच प्रोसेसर असण्याच्या काळात लिहिलेले ड्रायव्हर अनेक प्रोसेसरांच्या मशीनवर बिनधोक चालतील असे करून द्यायचे, हा माझा धंदा. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं ‘आपण काय करता?’ असं विचारलं की मी ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ एवढंच सांगतो. खरं उत्तर द्यायला लागलो तर जिलबी येऊन पुढे निघून जाते, आणि शेजारचा सभ्यपणे मान डोलवत पलीकडच्या पाहुण्याकडे वळतो.

ड्रायव्हर हा तसा गरीब प्राणी. प्रिंटर, साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, फ्लॉपी, प्रत्येकाच्या पोटात एक चिप असते आणि प्रत्येक चिपचे नखरे निराळे. एकीला अमुक रजिस्टर आधी लिहिलेलं लागतं. दुसरीला हुकूम दिल्यावर दोन मायक्रोसेकंद गप्प बसलेलं लागतं. तिसरीच्या माहितीपुस्तकात जे छापलंय ते ती करत नाही, आणि जे करते ते छापलेलं नाही. हे सगळे मानपान सांभाळून तिच्याकडून काम करून घेणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. तो नीट चालला तर त्याचं नावही कोणाला ठाऊक नसतं. बिघडला तर आख्खं मशीन बसतं, कारण त्याचा मुक्काम कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत, आणि तिथे घातलेला गोंधळ आवरायला वर कोणी वडीलधारं नसतं.

१९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला तेव्हा त्यांच्याकडे ३८६ जातीचा एक पीसी होता, आणि त्यात अर्थातच एक प्रोसेसर. त्या काळच्या ड्रायव्हरकाराला भीती एकाच गोष्टीची: इंटरप्ट. आपण चिपशी नाजूक बोलणी करत असताना मध्येच कार्ड हात वर करतं, ‘डेटा आलाय’ म्हणतं, आणि प्रोसेसर हातातलं काम अर्धवट टाकून तिकडे धावतो. त्या अर्ध्यामुर्ध्या डेटाला तिकडच्या कोडानं हात लावला की घोळ. यावर इंटेलच्या प्रोसेसरात रामबाण औषध होतं, ‘सीएलआय’ नावाची एका बाइटची सूचना. ती दिली की प्रोसेसर इंटरप्टकडे कान बंद करतो. नाजूक काम उरकायचं, ‘एसटीआय’ म्हणायचं, कान परत उघडतात. मशीनमध्ये एकच प्रोसेसर आहे आणि त्यानंच कान मिटलेत म्हटल्यावर दुसरं कोणी मध्ये कडमडणार तरी कुठून?

असे ढिगानं ड्रायव्हर लिहिले गेले. कोणी कॉलेजात शिकता शिकता लिहिले, कोणी नोकरी सांभाळून, आपल्या घरातलं कार्ड एकदाचं चालावं म्हणून. त्यांत लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी आपली ती कडी, नावालाही नव्हता आणि ते चोख चालत होते.

मग वेल्समध्ये स्वानसीला ॲलन कॉक्स यांच्याकडे कॅल्डेरा कंपनीनं दोन पेंटियम बसणारा आसुसचा बोर्ड दिला. टोमास राडके यांनी आधी केलेल्या कामाच्या पायावर कॉक्स यांनी लिनक्स दोन प्रोसेसरांवर उभा केला, आणि जून १९९६ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत ती सोय सर्वांना मिळाली. विंडोज एनटीला हे १९९३ पासून येत होतं, त्यामुळे लिनक्सवाल्यांना थोडं हायसंही वाटलं असेल.

इथे मात्र ते रामबाण औषध लागू पडेना. सीएलआय म्हणणारा प्रोसेसर स्वतःचे कान मिटतो, शेजारच्याचे नाही. शेजारचा मोकळाच असतो आणि तोही त्याच ड्रायव्हरच्या त्याच ओळीवर येऊन ठेपतो. नेटवर्कवरून आलेली डेटाची पाकिटं मोजणारा एखादा साधा आकडा घ्या. त्यात एक मिळवायचा म्हणजे मेमरीतून वाचायचा, वाढवायचा आणि परत लिहायचा, अशी तीन कामं. आकडा ४१ असताना दोन्ही प्रोसेसर तो वाचतात, दोघंही एक मिळवतात, दोघंही ४२ लिहितात. पाकिटं आली दोन, नोंद झाली एकाची. दोघांनीही बेरीज बरोबर केली होती, आणि उत्तर चुकलं. हिशेबाच्या ऐवजी मोकळ्या बफरांची यादी असती तर एकच बफर दोघांना मिळाला असता, आणि मग रात्री तीन वाजता सर्व्हर का झोपला हे शोधायला कोणाला तरी उठावं लागलं असतं.

कॉक्स यांनी व्यवहारी मार्ग काढला. खोल्याखोल्यांना कड्या बसवत बसलो तर जन्म जाईल, तेव्हा तूर्त बाहेरच्या दाराला एक भक्कम कडी लावू. एक जण घरात असला की बाकीच्यांनी ओट्यावर थांबायचं. हाच तो ‘बिग कर्नल लॉक’. कर्नलमध्ये एका वेळी एकच प्रोसेसर. पुढच्या आवृत्त्यांत सीएलआयलाही असाच दांडगा अर्थ दिला गेला: एकानं म्हटलं की सगळ्यांनीच इंटरप्ट घेणं थांबवायचं. फ्रीबीएसडीवाल्यांनीही तेच केलं, त्यांच्या लॉकाचं नावच मुळी ‘जायंट’. जुन्या ड्रायव्हरांना घरात माणसं वाढल्याचं कळलंसुद्धा नाही. आणि ज्यानं दोन प्रोसेसरांचे पैसे मोजले होते त्याला एक प्रोसेसर बराच वेळ ओट्यावर बसलेला दिसू लागला.

या थोरल्या लॉकाच्या सवयीही लाडावलेल्या होत्या. ज्याच्या हातात आहे त्यानं तोच पुन्हा मागितला तर पुन्हा मिळे. लॉक धरलेलं काम कशाची तरी वाट बघत झोपलं की लॉक आपोआप सुटे, आणि जाग आली की आपोआप पुन्हा हातात येई. म्हणजे आंघोळ करता करता डुलकी लागली तर कडी आपली आपण निघणार आणि डोळे उघडले की परत लागणार. मधल्या वेळात बादली कोण घेऊन गेलं याचा पत्ता नाही. अशी सोय मिळाल्यावर ती सोडतो कोण! काही वर्षांनी एखाद्या ड्रायव्हरपुढे उभं राहून ‘हा लॉक इथे नेमकं काय राखतोय?’ असं विचारलं तर उत्तर ना लिहिणाऱ्याला देता येई ना वाचणाऱ्याला.

तरीही एकेक ड्रायव्हर घेऊन त्याला स्वतःचे छोटे लॉक देण्याचं काम चालू होतं. ते किती नाजूक असतं ते एका कार्डावरून सांगतो. नोव्हेलच्या एनई२००० या नेटवर्क कार्डाच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात घरोघरच्या पीसीत असत. त्यांतली चिप नॅशनल सेमिकंडक्टरची ८३९० किंवा तिची नक्कल. या चिपची रजिस्टरं पुष्कळ आणि पत्ते मोजून सोळा. म्हणून तिनं रजिस्टरांची पानं पाडली. शून्य नंबरच्या पत्त्यावर दोन बिट लिहून आधी पान निवडायचं, मग त्या पानावरचं रजिस्टर वाचायचं. त्यामुळे सात नंबरचा पत्ता पान शून्य उघडं असताना ‘इंटरप्ट कशासाठी आला’ ते सांगतो, आणि पान एक उघडं असताना ‘पुढचं पाकीट बफरात कुठे उतरणार’ ते सांगतो.

आता एका प्रोसेसरनं पान एक उघडलं आणि सात नंबर वाचायला हात पुढे केला. तेवढ्यात दुसऱ्यानं आपल्या कामासाठी पान शून्य उघडलं. पहिल्याला मिळालेला आकडा खोटा नसतो. तो भलत्याच प्रश्नाचं खरं उत्तर असतो. इंटरप्टच्या कारणाला बफरातला पत्ता समजून तो तिथे जातो, आणि तिथे जे काही पडलेलं असेल ते पाकीट म्हणून वर पाठवून देतो. कोणतंही एक पाऊल वेगळं काढून तपासा, निर्दोष आहे.

यावर उपाय सरळ वाटतो: पान उलटण्याआधी लॉक धरा आणि इंटरप्ट बंद करा. पण हे कार्ड भलतं संथ. दीड हजार बाइटांचं पाकीट प्रोसेसरनं स्वतः, एकेक किंवा फार तर दोन-दोन बाइट करत, एका पोर्टातून कार्डात ओतायचं. तेवढा वेळ इंटरप्ट बंद राहिले की शेजारच्या मोडेमचे हाल. ३८,४०० बॉडनं येणाऱ्या डेटाचा एक बाइट साधारण २६० मायक्रोसेकंदांनी येतो, आणि जुन्या सीरियल चिपमध्ये जागा एकाच बाइटची. तो वेळेवर उचलला नाही तर पुढचा येऊन त्याच्या डोक्यावर बसतो. म्हणजे नेटवर्क कार्ड सुरक्षित झालं आणि डेटा गळायला लागला मोडेमचा! हा त्रास प्रत्यक्षात झाला. मग कॉक्स यांनी आडवळण घेतलं. सगळे इंटरप्ट बंद न करता त्या एका कार्डाचीच इंटरप्ट-लाइन बंद करायची, मग लॉक धरून सावकाश पाकीट ओतायचं. मोडेमचं त्याच्या जागी चालू राहतं. हे असं का केलंय याचं लांबलचक टिपण त्यांनी ड्रायव्हरातच लिहून ठेवलं. मागून येणारा प्रत्येक हुशार माणूस ‘हे एवढं वाकडं कशाला?’ म्हणत ते सरळ करायला बसणार, हे त्यांनी ओळखलं असावं. मी ते टिपण पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या वेळी सरळ करायला घेतलेल्या दुसऱ्याच एका ड्रायव्हरवरून हात काढून घेतला आणि चहा प्यायला गेलो.

‘स्लीप ऑन’ नावाचं एक जुनं फंक्शन होतं, त्याची कथा ऐकून मला अजून हसू येतं. ड्रायव्हर विचारायचा, काम झालं का? नाही झालं. मग आपण झोपू, झालं की इंटरप्ट येऊन उठवेल. एक प्रोसेसर असताना ‘नाही झालं’ आणि ‘झोपू’ यांच्या मधल्या फटीत कान मिटून ठेवता येत. दुसरा प्रोसेसर आल्यावर तो नेमका त्या फटीत काम संपवून ‘ऊठ रे’ म्हणून निघून जाऊ लागला. उठवलं तेव्हा हा अजून झोपलाच नव्हता, त्यामुळे ती हाक वाया. नंतर हा निवांत झोपतो. आता उठवणार कोण? उठवणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचं कर्तव्य पार पडलेलं असतं. हे फंक्शन धोक्याचं आहे हे वर्षानुवर्षं सगळे जाणून होते, तरी ते कर्नलमधून हद्दपार व्हायला २०१४ साल उजाडलं.

लॉक हाती आला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. नवशिक्या पोरांना मी पाहिलंय, जिथे शंका तिथे लॉक. मग लॉकच आपसात भांडतात. ड्रायव्हरनं लॉक धरला, त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला, आणि इंटरप्टच्या कोडानं तोच लॉक मागितला. तो जागच्या जागी गरगरत वाट पाहतो, आणि ज्यानं लॉक सोडायचा तो याच्याच खाली दबलेला. किंवा एकाकडे पहिला लॉक आहे, त्याला दुसरा हवा. दुसऱ्याकडे दुसरा आहे, त्याला पहिला हवा. दोघंही सज्जन, दोघंही ‘तुमचं झालं की आमचं’ म्हणत जन्मभर उभे. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत हे कोडं एका टेबलाभोवती जेवायला बसलेल्या तत्त्वज्ञांचं म्हणून येतं. डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांच्या परीक्षेत ते घातलं तेव्हा मात्र ते टेप ड्राइव्हसाठी झगडणाऱ्या संगणकांचं होतं. तत्त्वज्ञांना जेवायला बसवलं ते नंतर टोनी होअर यांनी. मूळ रड आपल्यासारख्या हार्डवेअरवाल्यांचीच होती हे वाचून बरं वाटलं. २००६ मध्ये इंगो मोल्नार यांनी कर्नलमध्ये ‘लॉकडेप’ नावाचा पहारेकरी आणला. कोणता लॉक कोणाच्या आधी धरला जातो याची तो नोंद ठेवतो, आणि पुढे कधी तरी कोंडी होऊ शकते एवढं दिसलं तरी आजच बोंब ठोकतो. माझ्या कामात इतक्या वेळा ‘मी आधीच सांगितलं होतं’ म्हणण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही.

बाकी हे बग शोधणं म्हणजे निव्वळ छळ. एरवीचा बग इमानदार असतो, तेच बटण दाबलं की तोच येतो. हे बग वेळेच्या चिमटीत जगतात. दोन प्रोसेसरांच्या पावलांत एका मायक्रोसेकंदाचा मेळ बसला तरच दर्शन. काय चाललंय ते बघायला मध्ये छापण्याची एक ओळ घातली की ती ओळ वेळ खाते, मेळ बिघडतो आणि बग नाहीसा होतो. ओळ काढली की हजर. जिम ग्रे यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात अशांना ‘हायझेनबग’ म्हटलं आहे. ग्राहक फोनवर शपथेवर सांगतो की रोज बंद पडतं. आपण जाऊन बसलो की ते आदर्श विद्यार्थ्यासारखं वागतं, आणि आपण पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत पुन्हा फोन.

जुलै २००२ मध्ये मोल्नार यांनीच एक धाडस केलं. २.५.२८ आवृत्तीत सगळ्यांचे कान एकदम मिटणारा तो दांडगा सीएलआय काढूनच टाकला. अनेक प्रोसेसरांसाठी कर्नल बांधायला गेलं की जुने ड्रायव्हर कंपाइलच होईनात. ज्यांना कोणी वाली होता ते दुरुस्त झाले. ज्यांना नव्हता त्यांच्या कपाळावर ‘ब्रोकन ऑन एसएमपी’ अशी चिठ्ठी लागली. अर्थ असा, की हा एकट्याच्या घरातच राहू शकतो. तोवर एकट्याची घरं भरपूर होती, त्यामुळे चिठ्ठीचं कोणी फार मनावर घेतलं नाही. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही एका चिपवर दोन कोअर असलेले प्रोसेसर घरच्या पीसीसाठी बाजारात आणले, आणि मग हे दुखणं सर्व्हर-रूममधून बाहेर पडून घराघरांत शिरलं. आज खिशातल्या फोनमध्ये आठ-आठ कोअर आहेत. एकटं घर शोधायचं तर वॉशिंग मशीनच्या पोटात शोधावं लागेल.

‘इतकं जुनं आहे तर टाकून का देत नाहीत?’ असं मला हमखास विचारलं जातं. विचारणाऱ्यांनी एकदा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत यावं. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये पितळी साच्यांवर कोरीवकाम करणारं मशीन आहे. मशीन ठणठणीत, पण त्याला हुकूम देणारा संगणक एका पावसाळ्यात गेला. मालकांनी नवा घेतला, जुनं कार्ड त्यात बसवलं, आणि कोणाकडून तरी ड्रायव्हर नव्या कर्नलवर चढवून घेतला. सगळं सुरळीत चाललं आणि मग कधी तरी, काही कारण नसताना, कोरता कोरता मशीन मध्येच थबकायला लागलं. कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली, ड्रायव्हर एकट्या प्रोसेसरच्या काळातला, आणि नव्या संगणकात कोअर चार.

मी पहिल्या दिवशी तात्पुरता इलाज केला. सुरू होताना कर्नलला ‘नोएसएमपी’ एवढं सांगितलं की तो एकाच प्रोसेसरवर चालतो. थबकणं थांबलं. मालक स्क्रीनकडे बघत म्हणाले, “म्हणजे बाकीचे तीन?”

“ते आता बसून राहतील.”

“साहेब, पैसे चारांचे दिलेत.”

“हो, पण ड्रायव्हर एकाचाच आहे.”

“माझ्याकडे असे तीन कामगार बसून राहिले असते तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ड्रिलिंगपाशी तंबाखू मळत उभ्या असलेल्या एकानं मात्र ते ऐकून हात पुसले आणि कामाला लागला.

तिकडे थोरल्या लॉकाचेही दिवस भरत आले होते. २००८ पासून तो नेटानं खाली ढकलायला सुरुवात झाली. वरून सर्वांसाठी धरला जाणारा लॉक काढायचा आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या आत, त्याच्या दारापाशी नेऊन ठेवायचा. मग त्या ड्रायव्हरमध्ये शिरून बघायचं की याला तो खरंच लागतो का, आणि लागत असेल तर नेमका कशासाठी. दरवेळी उत्तर द्यायला कोणी नसायचं. ते कोड वाचूनच काढायचं. या कामाचा शेवटचा टप्पा आर्न्ड बर्गमान यांनी तडीस नेला आणि मे २०११ मध्ये, २.६.३९ आवृत्तीत, बिग कर्नल लॉक संपला. ‘तूर्त’ म्हणून लावलेली कडी पंधरा वर्षं टिकली. ‘तूर्त’ची ही मुदत आपल्याकडच्या माणसांना मुळीच आश्चर्याची वाटणार नाही.

या सगळ्यात मला कौतुक वाटतं ते ज्यांची नावं इतिहासात येणार नाहीत त्यांचं. जगात मूठभर लोकांकडे उरलेल्या कार्डाचा ड्रायव्हर उघडायचा, पंचवीस वर्षांपूर्वीच्या कोण्या अनोळखी माणसाच्या मनात शिरायचं, आणि त्यानं न लिहिलेलं वाचायचं. अनेकदा तर कार्डही हाताशी नसतं. २०१९ मध्ये लिनक्सचा फ्लॉपी ड्रायव्हर अनाथ म्हणून नोंदला गेला, कारण सांभाळणाऱ्याकडे चालू फ्लॉपी ड्राइव्हच उरली नव्हती. पुढे त्यालाही नवा पालक मिळाला. ज्या वस्तूचं चित्र नव्या पिढीला फक्त ‘सेव्ह’च्या बटणावर माहीत, तिच्यासाठी कोणी तरी अजून लॉकांचा क्रम तपासतोय.

आणि हे उपकार एकट्या घरांवरही झाले. २००२ मध्येच रॉबर्ट लव्ह यांचं एक काम कर्नलमध्ये आलं, त्यामुळे कर्नलमधलं कामही मध्येच थांबवून प्रोसेसर दुसऱ्या कामाला देता येऊ लागला. झालं, एकाच प्रोसेसरच्या मशीनवरही एकाचं काम अर्ध्यात असताना दुसरा त्याच ओळीवर येऊन उभा! ज्यांनी शेजाऱ्यासाठी म्हणून लॉक लावले होते त्यांना काहीच करावं लागलं नाही. ‘आमच्याकडे एकच प्रोसेसर आहे, आम्हाला काय त्याचं’ म्हणणारे तेवढे धावपळीत सापडले.

जुना कोड वाचताना पूर्वी मला लिहिणाऱ्याचा राग यायचा, आता येत नाही. त्यानं विसरून काही सोडलेलं नसतं. त्याच्या जगात जे सांगण्यासारखं नव्हतं ते त्यानं सांगितलं नाही, इतकंच. मी आज जे लिहितोय त्यातही मी काही तरी गृहीत धरलेलं असणार. काय, ते मला सांगता येणार नाही. सांगता आलं असतं तर ते गृहीत राहिलं नसतं. म्हणून हल्ली मी एक शिस्त पाळतो आणि हाताखालच्या पोरांनाही पाळायला लावतो: प्रत्येक लॉकाच्या वर एक ओळ लिहायची, हा कोणता डेटा राखतो आणि कोणापासून. पोरं कुरकुरतात. “सर, ते तर उघडच आहे ना!” म्हणतात. बरोबरच आहे. आज उघड असलेल्या गोष्टीच वीस वर्षांनी सापडत नाहीत.

भोसरीचं काम यथावकाश पुरं झालं. कार्डाच्या रजिस्टरांना एक लॉक, रांगेला एक, दोन्हींचा क्रम ठरवलेला, झोपण्याची पद्धत बदललेली, लॉकडेप गप्प. ‘नोएसएमपी’ काढून टाकलं आणि मालकांना बोलावून दाखवलं.

“चारही चालू,” मी म्हणालो.

“म्हणजे आता मशीन चौपट वेगानं कोरणार?”

“नाही, तेवढ्याच. वेग मोटरचा आहे.”

“मग फरक काय पडला?”

“आता मध्येच थांबणार नाही.”

“ते तर तुम्ही मागे आलात तेव्हापासूनच थांबत नव्हतं.”

यावर देण्यासारखं उत्तर माझ्या व्यवसायात कोणी शोधलेलं नाही. न घडलेल्या गोष्टींचा पुरावा काय दाखवणार? मी बिलाचा विषय काढला. कामाचं वर्णन काय लिहावं म्हणून पेन घेऊन घुटमळत होतो, तेव्हा त्यांनीच अडचण सोडवली.

“लिहा ना साहेब,” ते म्हणाले, “‘बसून असलेले तीन प्रोसेसर कामाला लावले.’ सीएसाहेबांना पटेल.”

मी तसंच लिहिलं. चेक त्याच आठवड्यात वटला.